क्लच घसरतोय? मोटारसायकलचा क्लच घरी बदलण्याआधी आणि बदलताना

नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताय. मागे माणूस बसलेला, गाडी चौथ्या गियरला. मूठ पिळली की इंजिन ओरडतं, पण गाडी आहे त्याच वेगानं रांगते. हीच गाडी नाशिकच्या कॉलेज रोडला सपाटीवर अगदी गुणी वाटते. गॅरेजमध्ये "नुसती रेस होते, पळत नाही" असं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं : क्लच प्लेटी गेल्या.

बऱ्याचदा ते खरंही असतं. पण क्लच घसरण्याची कारणं चार आहेत आणि झिजलेल्या प्लेटी हे त्यातलं एक. बाकीची तीन म्हणजे केबलची मोकळीक, चुकीचं ऑइल आणि नरम स्प्रिंगा. बाकीच्या तिन्हींत नव्या प्लेटी टाकून उपयोग होत नाही; महिन्याभरात त्याही जळतात. त्यामुळे इंजिनाचं झाकण उघडण्याआधी क्लच कशावर चालतो ते समजून घेतलेलं बरं. त्याचं उत्तर एका शब्दात आहे : दाब.

पंगतीतली ताटं आणि पत्रावळी

स्टीलची ताटं आणि पत्रावळी एकाआड एक रचून चवड केली आहे असं समजा. सगळ्या पत्रावळी बाहेरच्या कडेनं एकानं धरल्या आहेत, आणि सगळी ताटं मधल्या भोकातून दांडा घालून दुसऱ्यानं. चवड सैल असेल तर दोघं आपापल्या मर्जीनं फिरू शकतात. वरून जोरात दाबलं की एक फिरला तर दुसऱ्याला फिरावंच लागतं. मोटारसायकलचा क्लच म्हणजे एवढंच.

पत्रावळीच्या जागी असते क्लच प्लेट. मेकॅनिक तिला कॉर्क प्लेटही म्हणतात. ॲल्युमिनियमच्या चकतीवर घर्षणाच्या मालाचे तुकडे चिकटवलेले असतात. तिचे बाहेरचे कान क्लच हाउसिंगच्या खाचांत बसतात आणि हाउसिंग इंजिनाबरोबर फिरतं. ताटांच्या जागी स्टील प्लेटी. त्यांचे दाते आतल्या बाजूला, ते क्लच सेंटरवर बसतात, आणि सेंटर गियरबॉक्सच्या शाफ्टवर. चवड दाबून धरतात चार स्प्रिंगा. मोठ्या गाड्यांत पाच-सहा. लिव्हर दाबली की स्प्रिंगांचा दाब सुटतो, चवड सैल होते, इंजिन फिरत राहतं आणि चाक सुटं होतं.

एका मोठ्या चकतीऐवजी इतक्या लहान चकत्या का? जागा नाही म्हणून. पाच क्लच प्लेटी असल्या की घासणारे पृष्ठभाग दहा होतात, आणि तळहाताएवढ्या व्यासात पुरेशी पकड मिळते. हे सगळं इंजिन ऑइलमध्ये बुडालेलं असतं, त्यामुळे उष्णता ऑइल नेतं.

आता दाबाचा हिशेब. प्रत्येक क्लच प्लेट ०.३ मिमी झिजली तर पाच प्लेटींची चवड १.५ मिमीनं बसकी होते. स्प्रिंग तेवढीच मोकळी होते. ती बसवताना समजा १० मिमी दबत असेल, तर आता ८.५ मिमीच दबते. म्हणजे दाब १५ टक्क्यांनी उतरला. प्लेटींवर माल भरपूर दिसतो, तरी क्लच घसरतो, तो यामुळे. त्यात एकदा घसरायला लागला की उष्णता वाढते, उष्णतेनं स्प्रिंगा नरम पडतात आणि दाब आणखी उतरतो. म्हणून घसरणारा क्लच तसाच रेटला तर पुढची घसरण झपाट्यानं होते.

आधी केबल, मग ऑइल, मग पाना

दाब कमी होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण हँडलवरच असतं. लिव्हरच्या टोकाला बोटानं हलवून बघा. केबलला ताण येण्याआधी टोक जितकं सहज हलतं, ती मोकळीक. स्प्लेंडर, शाइनसारख्या गाड्यांत ती टोकाशी १० ते २० मिमी हवी. काही कंपन्या मोकळीक लिव्हरच्या मुळाशी मोजतात आणि तिथे २-३ मिमी सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कुठे मोजायचं ते बघा. मोकळीक शून्य असेल तर तुम्ही लिव्हर सोडलीत तरी केबल क्लचला थोडं दाबूनच ठेवते. चोवीस तास हाफ क्लच.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. केबल ताणली गेली की मोकळीक वाढते. प्लेटी झिजल्या की मोकळीक कमी होते, कारण चवड बसकी झाली की प्रेशर प्लेट (चवड दाबणारी थाळी) सरकते आणि लिफ्टरला, म्हणजे केबल ओढल्यावर दाब सोडवणाऱ्या भागाला, जाऊन भिडते. म्हणजे केबलला कोणी हात लावलेला नसताना लिव्हर आपोआप घट्ट होत चालली असेल, तर आत झीज चालू आहे. आणि घट्ट लिव्हर "बरी लागते" म्हणून ॲडजस्टर आणखी कसणारे लोक नव्या प्लेटी महिन्यात जाळतात.

दुसरं कारण ऑइल. मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असतं. हा ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचसाठीचा दर्जा. एमबी हा दर्जा स्कूटरसाठी, जिथे क्लच ऑइलमध्ये नसतो. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. कारच्या ऑइलचंही तेच. घरातल्या कारचं उरलेलं अर्धा लिटर ऑइल गाडीत ओतलं आणि क्लच घसरायला लागला, तर आधी ऑइल बदला. योग्य ऑइल भरून दोन-तीनशे किलोमीटरमध्ये क्लच पूर्वपदावर आला तर प्लेटी शाबूत आहेत.

मोकळीक आणि ऑइल ठीक असेल तर चाचणी घ्या. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गियरला ३५-४० चा वेग ठेवा आणि मूठ पूर्ण पिळा. इंजिनाचा आवाज आणि वेग जोडीनं वाढायला हवेत. आवाज एकदम वर गेला आणि वेग मागाहून आला, तर क्लच घसरतोय. उभ्या गाडीवरची चाचणीही आहे : सर्वांत वरचा गियर, पुढचा-मागचा ब्रेक घट्ट, इंजिन थोडं रेस करून लिव्हर सावकाश सोडा. इंजिन बंद पडायला हवं. घुरघुरत राहिलं तर प्लेटी किंवा स्प्रिंगा गेल्यात. हे एकदाच करा. चार वेळा करून बघाल तर चाचणीतच क्लच जाईल. काही गाड्यांत, जुन्या बुलेटचं उदाहरण प्रसिद्ध आहे, किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाला जातो. अशा गाडीत किकसुद्धा सटकायला लागते.

उलट तक्रार म्हणजे क्लच पूर्ण न सुटणं. लिव्हर दाबूनही गाडी पुढे ओढते, मुंबई नाक्याच्या सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गियर टाकताना खटका बसतो. त्यामागे बहुधा जास्त मोकळीक, वाकलेल्या स्टील प्लेटी किंवा हाउसिंगच्या खाचांत पडलेले घट्टे असतात. यातून एक गोष्ट वगळा : निफाड-ओझरकडे थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा सकाळी जाड ऑइलनं प्लेटी एकमेकींना चिकटतात आणि पहिला गियर टाकताना गाडी उडी मारते. लिव्हर चार-पाचदा दाबून सोडा, गाडी गियरमध्ये थोडी पुढे-मागे ढकला, मग चालू करा. तो बिघाड नाही.

काउंटरवर काय मागायचं

गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून क्लच प्लेटींचा पूर्ण सेट घ्या. मॉडेलप्रमाणे त्यात साधारण चार ते सहा प्लेटी येतात. दुकानात "प्रेशर प्लेट" मागितली की अनेकदा स्टील प्लेटी पुढ्यात येतात, कारण बाजारात त्यांना तेच नाव पडलंय. खरी प्रेशर प्लेट म्हणजे चवड दाबणारी ॲल्युमिनियमची जाड थाळी. घोळ टाळायचा तर "स्टील प्लेट" म्हणा.

स्प्रिंगा चारही नव्या घ्या. सगळ्या खर्चात त्यांचा वाटा किरकोळ असतो, आणि दाबाचा अर्धा प्रश्न त्यांच्यात असतो. प्लेटी नव्या आणि स्प्रिंगा जुन्या ही काटकसर कशासाठी करतात ते कळत नाही. शिवाय क्लच कव्हरचं पॅकिंग, किक शाफ्टचं ऑइल सील, ड्रेन बोल्टचा वायसर आणि ऑइल. ऑइल १०० ते १२५ सीसी गाड्यांत ८०० ते ९०० मिली आणि १५० सीसीच्या आसपास एक लिटर धरून चाला. होंडा-हिरोच्या छोट्या गाड्यांत १०डब्ल्यू-३० चालतं आणि पल्सरसारख्यांत २०डब्ल्यू-५०; पुस्तिकेत लिहिलेलंच घ्या.

हत्यारांत ८, १० आणि १२ चे टी-पाने, ड्रेनसाठी १७ चा रिंग पाना, लॉक पक्कड, लाकडी किंवा प्लास्टिकची हातोडी, व्हर्निअर आणि ऑइल धरायला जुनी परात. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. काही गाड्यांत क्लच सेंटरचा नट चार खाचांचा गोल असतो. त्याला चार दातांचा खास सॉकेट लागतो. तो छिन्नी-हातोडीनं ठोकून फिरवायचा नाही. सॉकेट विकत मिळतो, किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या भागात ओळखीचा फॅब्रिकेटर असेल तर जुन्या सॉकेटला दाते काढून देतो. खरेदीआधी आपल्या गाडीत काय आहे ते विचारून घ्या, नाहीतर रविवारी दुपारी गाडी उघडी पडून राहते.

नव्या क्लच प्लेटी आदल्या रात्री डब्यात ताज्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या प्लेटी बसवल्या तर पहिल्या काही मिनिटांत, ऑइल आत पोचेपर्यंत, त्या कोरड्याच घासतात आणि चकाकी धरतात. चकाकी धरलेली प्लेट नवी असूनही घसरते.

उघडताना

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. सायलेन्सरला हात भाजेल इतकं गरम नको. गाडी मेन स्टँडवर घेऊन ऑइल काढा. काही जण ऑइल न काढता गाडी डावीकडे भिंतीला खूप कलती करून काम उरकतात. चालतं ते, पण क्लच जळलेला असेल तर त्याची सगळी पूड त्याच ऑइलमध्ये आहे. ते वाचवून काय मिळवायचं?

बहुतेक गाड्यांचा क्लच उजवीकडे, किकच्या बाजूच्या कव्हरखाली असतो. जुन्या बुलेटचा डावीकडे. आधी किकचा दांडा. शाफ्टवर आणि दांड्यावर खडूनं समोरासमोर खूण करा. दांड्याचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेतून आडवा जातो. हे माहीत नसलेले हातोडीनं ठोकत बसतात. फूटरेस्ट, ब्रेक पेडल किंवा सायलेन्सरची नळी आडवी येत असेल तर तीही काढा. नळी काढली तर तिचं पॅकिंग नवं टाकावं लागेल.

हँडलजवळचा केबलचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा, त्याच्या आणि लॉक नटच्या चिरा एका रेषेत आणा, केबल सुटते. मग इंजिनाकडचं टोक सोडवा.

आता कव्हरचे बोल्ट. डोकी बहुधा ८ ची, पण लांबी वेगवेगळी. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो. कव्हर सैल राहतं, तुम्ही आणखी जोर लावता आणि ॲल्युमिनियमचे आटे हातात येतात. घरी क्लच बदलताना होणारं सगळ्यात महागडं नुकसान बहुधा हेच.

बोल्ट निघाल्यावर कव्हरच्या कडेला हातोडीनं हलके ठोके द्या. फटीत डिसमिस घालून उचकटू नका. त्या चऱ्यातून पुढे कायम ऑइल झिरपतं. कव्हर सुटताना आणखी थोडं ऑइल सांडेल, परात तिथेच असू द्या. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिना कव्हरला चिकटून येतात किंवा इंजिनातच राहतात, त्या मोजा. किक शाफ्टवर पातळ वायसर असेल तर तोही परातीत शोधा.

समोर क्लच दिसेल. चार बोल्ट, त्यांच्या मागे स्प्रिंगा. बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं थोडे थोडे, दोन-दोन आटे, सैल करा. एक पूर्ण काढून मग दुसरा असं केलं तर एका बाजूचा दाब थाळीवर तिरका येतो आणि बोल्टाचा खांब मोडतो.

इथून पुढे दोन रचना आहेत. एका प्रकारात, हा मोठ्या गाड्यांत जास्त, स्प्रिंगांबरोबर प्रेशर प्लेटच बाहेर येते आणि मागे प्लेटी उघड्या दिसतात. त्या एकेक करून तारेच्या हुकनं ओढून घ्यायच्या. सेंटरचा नट हलवायचाच नाही. दुसरा प्रकार होंडा घराण्यातल्या अनेक १००-१२५ सीसी इंजिनांत दिसतो. बाहेर फक्त लिफ्टरची थाळी, तिच्यात बेअरिंग. खरी प्रेशर प्लेट सगळ्यात आत. इथे सेंटरवरचा नट किंवा लॉक रिंग काढली की सेंटर, प्लेटी आणि प्रेशर प्लेट अशी सगळी चवड एकदम हातात येते.

नट सोडवायला क्लच धरून ठेवावा लागतो. वरचा गियर टाकून दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबायला लावा. ब्रेक पेडल काढलं असेल तर जुन्या स्टील प्लेटीला दांडा वेल्ड करून बनवलेलं हत्यार धरायला वापरा. नटाखालचा लॉक वायसर वाकवलेला असेल तर आधी सरळ करा, आणि बाहेरची बाजू कोणती ते बघून ठेवा.

प्रत्येक थराचा फोटो काढा. काही गाड्यांत पहिली किंवा शेवटची क्लच प्लेट वेगळ्या मापाची असते, किंवा तिचे कान हाउसिंगच्या वेगळ्या, उथळ खाचेत बसतात. निघाल्या त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा.

मोजल्याशिवाय काही फेकू नका

क्लच प्लेट पुसून व्हर्निअरनं तीन ठिकाणी मोजा. छोट्या गाड्यांत नवी प्लेट ३ मिमीच्या आसपास असते आणि २.६ च्या आसपास बाद ठरते. नक्की हद्द गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. आकडा मिळाला नाही तर जुनी प्लेट नव्या सेटमधल्या प्लेटीशी ताडून बघा. माप ठीक असूनही माल काळा ठिक्कर, चकाकणारा, जळका वास मारणारा किंवा तुकडे उडालेला असेल तर ती गेली.

स्टील प्लेटी लोक सहसा जुन्याच बसवतात, आणि बऱ्याचदा ते चालतंही. पण निळे-जांभळे डाग दिसले तर ती प्लेट तापून वाकलेली असण्याची शक्यता मोठी. आरशाच्या किंवा टेबलाच्या काचेवर ती सपाट ठेवा आणि कडेखाली ०.२ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पोलादी पट्टी) सरकवून बघा. सहज गेली तर प्लेट बदला. वाकलेली स्टील प्लेट नव्या क्लच प्लेटीला एकाच जागी घासते; घसरण आणि ओढ अशा दोन्ही तक्रारी त्यातून येतात.

स्प्रिंगा नव्यांच्या शेजारी काचेवर उभ्या करा. जुन्या एक मिमी जरी बुटक्या दिसल्या तरी वरचा दाबाचा हिशेब आठवेल.

आता हाउसिंग. हे घाईत राहून जातं. हाउसिंगच्या बोटांवर, जिथे प्लेटींचे कान आपटतात, तिथे नख फिरवा. नख अडकेल असे घट्टे असतील तर प्लेटी सरकताना तिथे अडतात, आणि नव्या प्लेटी टाकूनही क्लच झटक्यानं पकडतो. उथळ घट्टे बारीक कानशीनं सपाट करता येतात, पण सगळ्या बोटांवर सारखंच घासायला हवं. खोल असतील तर हाउसिंग बदलणं आलं. क्लच सेंटरच्या दात्यांचंही तेच. हाउसिंग एका हातानं धरून मागचा मोठा गियर पुढे-मागे हलवा. दोन्हींत खडखडाट जाणवला तर मधले डँपर, म्हणजे झटके झेलणारे भाग, गेलेत.

कव्हर उघडंच आहे तर आणखी एक काम उरका. होंडा घराण्यातल्या अनेक छोट्या इंजिनांत शेजारीच क्रँकच्या टोकाला गोल डबीसारखा फिरता ऑइल फिल्टर असतो. त्याचे तीन स्क्रू काढा. आत भिंतीला काळी, कणकेसारखी घट्ट मळी चिकटलेली सापडेल. लाकडी काडीनं खरवडून रॉकेल किंवा डिझेलनं धुवा. खालची ऑइलची जाळीही काढून धुवा. क्लचची पूड शेवटी इथेच येऊन साचते.

जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनं किंवा जपून पात्यानं खरवडा. त्याआधी इंजिनाची उघडी तोंडं स्वच्छ फडक्यानं झाका. पॉलिश पेपर इथे नको. त्याचे कण इंजिनात जातात.

बसवताना

क्रम : क्लच प्लेट, स्टील प्लेट, क्लच प्लेट, आणि शेवट पुन्हा क्लच प्लेटनं. स्टील प्लेटींची एक कड छाप्यामुळे धारदार आणि दुसरी किंचित गोल असते. सगळ्यांची धारदार कड एकाच बाजूला ठेवा. हाताला सगळं ऑइलनं ओलं लागलं पाहिजे.

मागची प्रेशर प्लेट असलेल्या रचनेत एक चूक हमखास होते. प्रेशर प्लेटचे दाते सेंटरच्या दात्यांत नीट शिरलेले नसतात आणि नट कसला जातो. वरून सगळं घट्ट दिसतं, पण चवड सैलच राहते. म्हणून नट कसण्याआधी आणि नंतर बोटानं प्लेटी हलवून बघा. स्प्रिंगा बसवल्यावर एकही प्लेट बोटानं फिरता कामा नये. फिरली, तर तेवढ्यावर थांबा आणि परत खोला.

लॉक वायसर ठरलेल्या बाजूनंच, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं. स्प्रिंगांचे बोल्ट जोडी-जोडीनं, तीन फेऱ्यांत. हे लहान, ६ मिमीचे बोल्ट. साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याला मनगटानं दिलेला ताण पुरतो. ते खांबाला टेकले की संपलं, पुढे दाब वाढत नाही. "थोडं अजून" म्हणून खांदा लावला की खांब तुटतो आणि काम प्रेशर प्लेटच्या किंवा सेंटरच्या खरेदीवर जातं.

बेअरिंग लिफ्टरमध्ये बसलंय, हातानं फिरतंय, हे बघा. डॉवेल पिना जागेवर. नवं पॅकिंग कोरडंच किंवा ग्रीसचा पातळ हात देऊन लावा. सिलिकॉनचा गोळा फासू नका. आत पिळून निघालेला तुकडा ऑइलच्या बारीक वाटेत जाऊन बसतो. किकच्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या, नाहीतर कव्हर सरकवताना दाते ओठ फाडतात आणि दुसऱ्या दिवशी बुटावर ऑइल दिसतं.

कव्हर दाबताना क्लचचा बाहेरचा दांडा हातानं हलवत राहा, म्हणजे आतला लिफ्टर अडकणार नाही. कव्हर हातानंच पूर्ण टेकायला हवं. बोल्टांनी ओढून टेकवायची वेळ आली तर आत काहीतरी तिरकं आहे. बोल्ट पुठ्ठ्यावरून आपापल्या जागी, समोरासमोर, दोन फेऱ्यांत, तेच १० न्यूटन-मीटर.

ऑइल भरा. कव्हर उघडल्यामुळे नेहमीपेक्षा थोडं जास्त लागतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून थोडं थांबा, मग काडीनं किंवा काचेत पातळी बघा आणि पुरं करा.

केबल लावताना हँडलचा ॲडजस्टर पूर्ण आत ठेवून आधी इंजिनाकडच्या ॲडजस्टरनं मोठी मोकळीक काढा, मग हँडलकडे बारीक जुळवणी करा. नव्या प्लेटींमुळे चवड उंच झाली आहे, त्यामुळे जुनी जुळवणी इथे लागू पडत नाही. लिव्हर ओढताना खरखर लागली तर केबलही बदला.

पहिली चक्कर

इंजिन बंद ठेवून गियर टाका, लिव्हर दाबा आणि गाडी ढकला. सुटसुटीत पुढे गेली पाहिजे. मग मेन स्टँडवर चालू करून लिव्हर दाबून पहिला गियर टाका. मागचं चाक हळूहळू फिरेल, ते ऑइलच्या ओढीनं. ब्रेक हलका दाबल्यावर थांबलं की ठीक. थांबलं नाही तर मोकळीक जास्त आहे किंवा एखादी प्लेट चुकीच्या खाचेत आहे.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर मागे ओझं घेऊन कसारा घाट गाठू नका, आणि द्वारका चौकाच्या कोंडीत हाफ क्लचवर इंच इंच सरकण्याऐवजी न्यूट्रल करून उभे राहा. चढावर थांबताना गाडी क्लचवर तोलून धरणं ही प्लेटी संपवायची सगळ्यात जलद रीत आहे. तिथे ब्रेक वापरा.

नव्या प्लेटींनंतरही घसरत असेल तर क्रम तोच : मोकळीक, ऑइलचा दर्जा, स्प्रिंगा, मग प्रेशर प्लेट बसली आहे का ते. किक परत येत नसेल तर तिच्या स्प्रिंगचं टोक कव्हर लावताना जागेवरून सुटलंय. कव्हरखालून थेंब पडत असतील तर बोल्ट आवळत सुटू नका, पॅकिंग दुमडलं असण्याची शक्यता जास्त.

काढलेलं ऑइल बाटलीत भरून गॅरेजला द्या. तिथे जुनं ऑइल पिंपात साठवून विकलं जातं. गटारात ओतलेलं नासर्डीतून गोदावरीत जातं. तीनेकशे किलोमीटरनंतर मोकळीक पुन्हा मोजा. प्लेटी बसतात तशी ती थोडी बदलते. जुन्या प्लेटींतली एक स्टील आणि एक क्लच प्लेट मात्र ठेवून द्या. दोन्ही एकत्र जोडून स्टील प्लेटीला दांडा वेल्ड करून घेतला की पुढच्या वेळी सेंटरचा नट सोडवताना क्लच धरायला ब्रेकवर माणूस उभा करावा लागत नाही.